तीनशे मिलिसेकंदांचा हिशेब मागा

तारतंत्रीच्या वर्गात पहिल्याच महिन्यात मी मुलांना एक गणित घालायचो. बाथरूममधल्या गीझरच्या लाइनवर 16 अँपिअरचा एमसीबी आहे. कॉइल फुटली, गीझरची पत्र्याची बॉडी लाइव्ह झाली. अर्थिंगची वायर आधीच कधीतरी तुटलेली आहे. ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाने नळाला हात लावला आणि त्याच्या अंगातून 30 मिलिअँपिअर करंट वाहायला लागला. एमसीबी पडेल का? बहुतेक मुलं 'पडेल' म्हणायची. 16 अँपिअर म्हणजे 16,000 मिलिअँपिअर. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या पाचशेव्या हिश्श्याहूनही कमी. एमसीबीला तो कळतसुद्धा नाही. वायर जळू न देणं हे एमसीबीचं काम आणि ते तो चोख करतो. माणूस वाचवण्याचं काम त्याच्याकडे कधी दिलेलंच नव्हतं.

ते काम आरसीसीबीचं. जुने लोक त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. डीबीत, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीत, मेन स्विचशेजारी असतो, त्यावर 'टेस्ट' किंवा नुसतं 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. आयटीआयमध्ये निदेशक म्हणून मुलांना हेच शिकवत आलो. निवृत्तीनंतर पर्यवेक्षकाच्या परवान्यावर पिंपरी-चिंचवड आणि पुण्याच्या सोसायट्यांमध्ये वायरिंगच्या चाचण्या करतो. आज लिहायला बसलो त्याचं कारण म्हणजे पार्किंगमध्ये भराभर लागणारे गाड्यांचे चार्जर. घरातला आरसीसीबी कोणी मोजून घेत नाही, हे दुखणं जुनंच आहे. आता त्याच न मोजलेल्या भरवशावर आपण तासन्‌तास 32 अँपिअर ओढणारी गाडी लावतो, तीही पावसाचं पाणी साचणाऱ्या पार्किंगमध्ये.

आधी हा डबा करतो काय ते बघू. फेजमधून जितका करंट घरात गेला तितकाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. आरसीसीबीच्या आत एक चुंबकीय कडं असतं आणि दोन्ही तारा त्यातून जातात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर कडं शांत राहतं. काही करंट भिंतीतून, पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की तेवढी तफावत पडते, कड्यावरच्या बारीक कॉइलमध्ये करंट येतो आणि खटका सुटतो. घरासाठी ही तफावत 30 मिलिअँपिअर धरली आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या चार्ल्स डाल्झिएल यांनी गेल्या शतकाच्या मध्यात स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं, की पकडलेली तार माणसाला किती करंटपर्यंत सोडता येते. पुरुषांमध्ये सरासरी 16 मिलिअँपिअर, स्त्रियांमध्ये 10.5. त्यापुढे स्नायू आखडतात, मूठ उघडत नाही. 30 च्या पुढे करंट अंगातून वाहत राहिला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढत जातो. म्हणून इथे करंटाइतकाच वेळ महत्त्वाचा. आरसीसीबी शॉक थांबवत नाही, लहानही करत नाही. तो फक्त शॉकचा वेळ कापतो. सर्वसाधारण आरसीसीबीने 30 मिलिअँपिअरला 300 मिलिसेकंदांच्या आत आणि पाचपट गळतीला 40 मिलिसेकंदांच्या आत पडलं पाहिजे. 15 मिलिअँपिअरला मात्र पडता कामा नये. आपलं आयएस 12640 हे मानक यासाठीच आहे.

'आमचं अर्थिंग मजबूत आहे' असं सोसायटीचे सेक्रेटरी मला सांगतात. मजबूत म्हणजे किती, हे विचारलं तर आकडा नसतो. समजा अर्थिंगचा पिट 20 ओहमचा आहे. 230 भागिले 20, म्हणजे फॉल्ट झाल्यावर जमिनीत साडेअकरा अँपिअर जाणार. 16 अँपिअरचा एमसीबी यावर कधीच पडणार नाही. पत्र्याची बॉडी जवळपास पूर्ण व्होल्टेजवर तशीच उभी राहील, मीटर फिरत राहील आणि घरात कोणाला पत्ता लागणार नाही. अर्थिंग हवंच, त्याच्या जोडीला चालता आरसीसीबी नसेल तर आपल्याकडच्या बऱ्याच घरांत नुसतं अर्थिंग पुरत नाही.

चालता. सगळं या शब्दापाशी येऊन थांबतं.

चिंचवडमधल्या एका जुन्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये गेलो होतो. घर नीटनेटकं, डीबीवर प्रत्येक एमसीबीखाली नाव लिहिलेलं. मालक स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर. ते बटण दाबून दाखवायला पुढे झाले, मी थांबवलं. आधी आरसीसीबी मोजणारं यंत्र, म्हणजे टेस्टर, लावायचं, बटण शेवटी, हा माझा नियम. कारण वर्षानुवर्षं न हललेल्या खटक्यातलं वंगण घट्ट होतं, पिना चिकटतात. एकदा बटण दाबून तो हलवला की मोकळा होतो आणि पुढच्या चाचणीत छान पडतो. पण शॉक लागेल तेव्हा तुम्हाला आधी सराव करून घेता येणार नाही. तेव्हा मोजायचा तो पहिलाच, न हललेला खटका. प्लगचा सोडून बाकी सगळे एमसीबी खाली घेतले, टेस्टर प्लगमध्ये घातला. 15 मिलिअँपिअर, पडला नाही, बरोबर. 30 मिलिअँपिअर, 300 मिलिसेकंद संपले, पडला नाही. टेस्टरच्या पडद्यावर वेळेच्या जागी 300 च्या पुढचं चिन्ह आलं. मग गळती हळूहळू वाढवणारी चाचणी घेतली. तो 48 ला पडला. यानंतर मालकांना म्हटलं, आता दाबा बटण. खट्टकन पडला.

त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मला ठाऊक होता, कारण हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. बटणाने पडतो, मग यंत्राने का नाही? बटण आतल्या एका रेझिस्टरमधून मुद्दाम तफावत निर्माण करतं आणि ती बऱ्याचदा 30 पेक्षा बरीच जास्त असते. किती मिलिसेकंद लागले हे बटण सांगत नाही. अर्थिंगचा तर त्या वाटेशी संबंधच नाही. अर्थिंगची तार अजिबात नसलेल्या घरातही बटण छान चालतं. बटण दाबणं गरजेचं आहे, दर तीन महिन्यांनी दाबा, खटका हलता राहतो. पण ते दाबून पडला म्हणून आरसीसीबी पास झाला, असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. त्या घरातला आरसीसीबी बदलला. दोन-तीन हजारांची वस्तू. नवा 30 च्या चाचणीला 26 मिलिसेकंदांत पडला आणि तो आकडा मी डीबीच्या दाराच्या आत तारखेसह लिहून ठेवला.

आपल्या वायरमन मंडळींची आवडती चाचणी म्हणजे टेस्ट लॅम्प. होल्डरला दोन तारा, एक फेजला, एक अर्थिंगला. बल्ब पेटला की अर्थिंग ठीक. 60 वॅटचा बल्ब सुमारे 260 मिलिअँपिअर ओढतो. आरसीसीबी असलेल्या लाइनवर बल्ब लावताच तो पडायला हवा, आणि पडला की वायरमन म्हणतो, 'बघा, चालतो.' 30 च्या जागी जवळपास नऊपट गळती घडवून तो पडला, एवढंच यातून कळतं. माझेच विद्यार्थी कामावर गेल्यावर हे करतात, कारण टेस्टर महाग असतो आणि ठेकेदार तो विकत घेऊन देत नाही. पोरांना दोष देऊन उपयोग नाही. जो मोजमापाचे पैसे द्यायला तयार नाही त्याला मोजमाप मिळत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे डायरेक्ट केलेला आरसीसीबी. 'सारखा पडायचा म्हणून काढला' हे वाक्य मी फार ऐकलंय. सारखा पडण्याची कारणं ठरलेली असतात. इन्व्हर्टर बसवताना न्यूट्रल भलत्याच ठिकाणाहून उचलला. दोन सर्किटचे न्यूट्रल एकाच बोर्डात जोडले. बाल्कनीतल्या प्लगमध्ये पावसाचं पाणी गेलं. गीझरची कॉइल गळायला लागली. इन्सुलेशन मोजणारा मेगर लावून अर्ध्या दिवसात यातलं नेमकं काय ते सापडतं. त्याऐवजी वायरमन आरसीसीबीच्या खालच्या तारा उचलतो, वरच्या टर्मिनलला मारतो आणि डबा तसाच ठेवतो. घरमालकाला वाटतं, आहे. बटण दाबलं की खटका पडतोही. घरातली लाइट मात्र जात नाही. बटण दाबल्यावर घरातले दिवे गेले की नाही, हे म्हणूनच बघायचं असतं. इन्व्हर्टर असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: आरसीसीबी पडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो त्याच सर्किटला बॅटरीतून पुरवठा सुरू करतो. इन्व्हर्टरच्या बाहेर पडणाऱ्या लाइनवर स्वतंत्र आरसीसीबी हवा आणि त्याचीही चाचणी हवी.

आता गाडीकडे येतो. गाडीची बॅटरी डीसी, घरातला पुरवठा एसी. गाडीच्या आतला चार्जर एसीचा डीसी करतो. तिथे काही बिघडलं तर गुळगुळीत डीसी गळती अर्थिंगमधून घराकडे येऊ शकते. वर सांगितलेलं चुंबकीय कडं या डीसीने भरून जातं, सुस्त होतं. मग त्याच वेळी खरी एसी गळती झाली तरी त्याला ती कळत नाही. म्हणजे आरसीसीबी चांगला, नवा, काल मोजलेला, आणि तरीही आंधळा. घराचा आणि चार्जरचा आरसीसीबी एकच असेल तर गाडी पार्किंगमध्ये आणि संरक्षण गेलं स्वयंपाकघरातलं. म्हणून चार्जरची लाइन मीटरपासून वेगळी हवी आणि तिला तिचा स्वतःचा, योग्य प्रकारचा आरसीसीबी हवा.

प्रकार ओळखायला इंजिनिअर लागत नाही. डब्यावर एक छोटी चौकट छापलेली असते. चौकटीत नुसती एक लाट असेल तर तो टाइप एसी, घरांत सर्रास लागणारा, गाडीच्या कामाचा नाही. लाटेखाली तुटक-तुटक उंचवटे असतील तर टाइप ए. त्याखाली आणखी एक सरळ रेघ आणि तुटक रेघ असेल तर टाइप बी, जो गुळगुळीत डीसीही ओळखतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2019 मध्ये आपल्या सुरक्षा नियमांत चार्जिंगसाठी वेगळं प्रकरण घातलं. त्यात स्पष्ट आहे की गाडीच्या चार्जिंगचा आरसीडी (आरसीसीबी हा त्याचाच प्रकार) 30 मिलिअँपिअरपेक्षा जास्तीचा नको, न्यूट्रलसह सगळ्या तारा तोडणारा हवा आणि किमान टाइप ए दर्जाचा हवा. आंतरराष्ट्रीय मानक याच्याही पुढे जातं: टाइप बी लावा, नाहीतर टाइप एच्या जोडीला 6 मिलिअँपिअर डीसीला पुरवठा तोडणारी सोय हवी. अनेक चार्जरमध्ये ती आत असते. सगळ्यांत नसते. तुमच्या चार्जरच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं, आणि ते पान गाडी घेतानाच वाचायचं असतं.

एका सोसायटीत साडेसात किलोवॅटच्या आसपासचा भिंतीवरचा चार्जर लागला होता. बसवणारे लोक बाहेरचे, काम सुबक, केबल ट्रे सरळ, स्क्रू सगळे एका दिशेला. वरच्या डब्यात आरसीसीबी टाइप एसी, 100 मिलिअँपिअरचा. चार्जरच्या पुस्तिकेत आत डीसी शोधण्याची सोय नसल्याचं आणि बाहेर टाइप बी लावण्याचं सांगितलेलं. चार्जर बसवणाऱ्यांनी दिलेल्या कागदावर 'चाचणी केली, व्यवस्थित' एवढी ओळ आणि खाली सही. आकडा एकही नाही. मी टेस्टरमधून 6 मिलिअँपिअर डीसी सोडली, दहा सेकंदांत पुरवठा तुटायला हवा होता, तुटला नाही. मग गाडीच्या जागी लावायचा अडॅप्टर जोडला. तो चार्जरला गाडी आल्याचं भासवतो, आणि त्याच्यावर अर्थिंगची तार मुद्दाम तोडायची कळ असते. ती तोडल्यावर चार्जरने चटकन पुरवठा बंद केला. म्हणजे चार्जर आपल्या जागी शहाणा होता. त्याच्या डोक्यावरचं संरक्षण चुकीचं होतं. फ्लॅटमालक म्हणाले, 'काका, गाडी तर वर्षभर चार्ज होतेय.' होणारच. संरक्षण नसलेल्या लाइनवर गाडी चार्ज व्हायला काहीच अडचण येत नाही. अडचण फॉल्टच्या दिवशी येते. 100 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आग लागू नये म्हणून असतो, माणसासाठी तो नाही, हे निदान बसवणाऱ्याला माहीत असायला हवं.

महाराष्ट्रात चारचाकीपेक्षा मोठा प्रश्न स्कूटरचा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून एक्स्टेन्शन खाली सोडायचं, गाडीखाली विटेवर प्लग ठेवायचा, वर पॉलिथिनची पिशवी बांधायची, हे दृश्य प्रत्येक गल्लीत आहे. नियम सांगतात, चार्जिंगचा सॉकेट जमिनीपासून किमान 800 मिलिमीटर वर हवा आणि चार्जिंगच्या केबलला जोड म्हणून एक्स्टेन्शन वापरायचंच नाही. अनेक सोसायट्या 'पार्किंगमध्ये पॉइंट देणार नाही' असा ठराव करतात आणि सुरक्षिततेचं काम झालं असं समजतात. माझ्या मते असा ठराव धोका वाढवतो. पॉइंट नाकारल्याने स्कूटर चार्ज व्हायची थांबत नाही, ती खिडकीतून होते. वेगळी लाइन, टाइप ए आरसीसीबी, पावसाचं झाकण असलेला सॉकेट आणि चाचणीचा कागद घेऊन पॉइंट द्या.

2019, 2020 आणि 2021 या तिन्ही वर्षांत दर वर्षी देशात विजेच्या धक्क्याने बारा हजारांहून जास्त माणसं गेल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे. यातली सगळी घरात गेली नाहीत. शेतातल्या मोटारी, तुटलेल्या तारा, कारखाने हेही त्यात आहे. आणि आरसीसीबी सगळ्यांना वाचवतो असंही नाही. एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल आणि पायाखाली कोरडी लाकडी फळी असेल तर तफावतच पडत नाही, तो पडत नाही. पण ओल्या भिंती, गीझर, पाण्याची मोटार, वॉशिंग मशीन, पत्र्याचा कूलर यांच्या अपघातांत त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही घरात नाही.

नव्या जोडणीच्या अर्जासोबत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जातो. माझ्या हाताखालून गेलेल्या रिपोर्टांत इन्सुलेशनचा आणि अर्थिंगचा आकडा असतो, कधी खरा, कधी सवयीने लिहिलेला. आरसीसीबी किती मिलिअँपिअरला आणि किती मिलिसेकंदांत पडला, हा रकाना भरलेला क्वचितच दिसतो. तो सक्तीचा करायला हवा, आणि चार्जर असेल तर त्याखाली डीसीच्या 6 मिलिअँपिअरचा रकानाही हवा. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घराची वीजचाचणी पात्र माणसाकडून दर पाच वर्षांनी करून घेणं 2020 च्या नियमांनी घरमालकावर बंधनकारक केलं आहे. आपल्याकडे यंत्रणा शून्यापासून उभारायची गरज नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली इमारती दर जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी देतात. सोसायट्यांना ही सवय लागली आहे. त्याच वेळापत्रकात वर्षातून एकदा पार्किंगच्या चार्जिंग पॉइंटांची आणि मीटर रूमची आरसीसीबी चाचणी बसवता येते. एका पॉइंटला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

सरकार ते करेल तेव्हा करेल. तोवर तुम्ही एवढं करा. आज डीबी उघडा, आरसीसीबीवर 30 मिलिअँपिअर किंवा 0.03 लिहिलंय का बघा, चौकटीतली लाट बघा, बटण दाबा आणि घरातले दिवे गेले का ते बघा. चार्जर बसवणार असाल तर कामाच्या ऑर्डरमध्येच लिहा की चाचणीच्या कागदावर आकडे हवेत: 15 ला पडला नाही, 30 ला किती मिलिसेकंदांत पडला, पाचपटीला किती, डीसी 6 मिलिअँपिअरला काय झालं, अर्थिंग किती ओहम, आणि टेस्टरचं कॅलिब्रेशन कधीचं. 'चाचणी केली, व्यवस्थित' हा निकाल म्हणून घेऊ नका. आकडे हातात येईपर्यंत ठेकेदाराला शेवटचा हप्ता देऊ नका.